संगणकाच्या आज्ञावलीची सिद्धता

गणितात एखादे प्रमेय सिद्ध झाले म्हणजे त्याविषयी शंका उरत नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे ठरविण्यासाठी कोणी हजार त्रिकोण काढून मोजीत बसत नाही. एकदा दिलेली सिद्धता सर्व त्रिकोणांना लागू पडते. संगणकास दिलेल्या आज्ञावलीविषयीही असेच निर्विवाद विधान करता येईल काय? अमुक आज्ञावली कोणत्याही परिस्थितीत अमुक चूक करणार नाही, असे गणिताच्या आधारे सांगता येईल काय? या प्रश्नाच्या अभ्यासातून संगणकशास्त्राची जी शाखा उदयास आली, तिला आकारिक पडताळणी असे नाव देता येईल. पुणे येथे जन्मलेले शास्त्रज्ञ राजीव आलूर यांनी या शाखेत, विशेषतः काळाचे बंधन असलेल्या यंत्रांच्या बाबतीत, पायाभूत कार्य केले आहे. त्या कार्याचा परिचय करून देणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

चाचणी अपुरी का पडते?

आज्ञावली तयार झाल्यावर तिची चाचणी घेण्याची रीत सर्वत्र आहे. काही निवडक आकडे देऊन उत्तर बरोबर येते की नाही, हे पाहिले जाते. ही रीत उपयुक्त आहे, परंतु तिच्या मर्यादा एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होतात. प्रत्येकी ३२ द्विमान अंकांच्या दोन संख्यांवर क्रिया करणारी एक छोटी आज्ञावली घेऊ. अशा संख्यांच्या सर्व जोड्या २ चा ६४ वा घात इतक्या, म्हणजे सुमारे १८ या अंकापुढे अठरा शून्ये दिली असता होईल इतक्या भरतात. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी सर्व जोड्या तपासून होण्यास सुमारे ५८४ वर्षे लागतील. म्हणजे एवढ्या लहानशा आज्ञावलीचीसुद्धा संपूर्ण चाचणी शक्य नाही. चाचणीत चूक आढळली तर चूक आहे हे कळते. चूक आढळली नाही, तर ती नाहीच असे मात्र म्हणता येत नाही.

काही चुका तर अशा असतात की, त्या केवळ काळाच्या ओघातच प्रकट होतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे एक क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. ते हवेतच पाडण्यासाठी पॅट्रियट नावाची संरक्षक यंत्रणा तेथे सज्ज होती, परंतु तिने त्याचा वेध घेतला नाही. याचे कारण तिच्या घड्याळात होते. यंत्रणा वेळ मोजताना सेकंदाच्या दशांशांची मोजणी करी आणि त्या मोजणीस एक-दशांशाने गुणी. आता एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीही पूर्ण लिहिता येत नाही. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहिताना जसे ३ हे अंक अखंड येत राहतात, तसाच हा प्रकार आहे. यंत्रणेत २४ अंकांनंतरचा भाग तोडून टाकलेला होता. त्यामुळे प्रत्येक दशांशामागे सुमारे ०.०००००००९५ सेकंद इतकी चूक होई. ही चूक नगण्य वाटते. परंतु यंत्रणा त्या दिवशी सुमारे १०० तास अखंड चालू होती. १०० तासांत ३६ लाख दशांश असतात. त्यांस वरील संख्येने गुणले असता ०.३४ सेकंद येतात. तेवढ्या अवधीत ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापीत होते. यंत्रणा आकाशात भलत्याच ठिकाणी पाहत राहिली. चूक सुधारलेली आज्ञावली दहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

काही तासांच्या चाचणीत ही चूक कधीच दिसली नसती. तेव्हा निवडक उदाहरणे पाहण्याऐवजी सर्व संभाव्य वर्तनांविषयी एकदम विधान करणारी पद्धत हवी, हे उघड आहे.

सिद्धतेच्या कल्पनेचा विकास

आज्ञावली ही गणिती वस्तू आहे व तिच्याविषयी सिद्धता देता येते, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. ॲलन ट्यूरिंग यांनी १९४९ साली एका लहान निबंधात ती मांडली. आज्ञावलीच्या ठरावीक टप्प्यांवर त्या वेळी सत्य असलीच पाहिजेत अशी विधाने लिहावीत आणि एका विधानावरून पुढील विधान निष्पन्न होते असे दाखवावे, असा तिचा आशय होता. १९६७ साली रॉबर्ट फ्लॉइड यांनी व १९६९ साली टोनी होर यांनी या पद्धतीस व्यवस्थित तर्कशास्त्राचे रूप दिले.

मात्र याच ट्यूरिंग यांनी १९३६ साली एक मर्यादाही दाखवून दिली होती. दिलेली कोणतीही आज्ञावली केव्हातरी थांबेल की अखंड चालत राहील, हे ठरविणारी सर्वसाधारण रीत अस्तित्वातच असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. यास्तव सर्व आज्ञावलींची परीक्षा करणारे एकच सर्वज्ञ यंत्र कधीही बनणार नाही. संशोधकांपुढील खरा प्रश्न असा उरला की, आज्ञावलींचा किंवा यंत्रांचा कोणता वर्ग निवडला असता परीक्षा यंत्राकडून करून घेता येईल आणि तरीही तो वर्ग व्यवहारात उपयोगी पडेल?

एक महत्त्वाचे उत्तर १९८१-८२ च्या सुमारास मिळाले. अमेरिकेत एडमंड क्लार्क व ॲलन एमर्सन यांनी आणि फ्रान्समध्ये जोसेफ सिफाकिस व जाँ-पिएर क्यूय यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, यंत्राच्या अवस्थांची संख्या सान्त असेल तर त्या सर्व अवस्था पद्धतशीरपणे धुंडाळून, यंत्र दिलेल्या अटी पाळते की नाही हे संगणकच सांगू शकतो. या अटी लिहिण्यासाठी अमीर प्नुएली यांनी १९७७ साली सुचविलेले कालतर्कशास्त्र उपयोगी पडले. 'असे कधीही घडणार नाही', 'असे केव्हातरी घडेलच' अशी विधाने त्यात नेमकेपणाने मांडता येतात. या रीतीस प्रतिमान-परीक्षण म्हणतात. अट मोडली जात असेल, तर ती कोणत्या क्रमाने घडणाऱ्या घटनांनी मोडते हे परीक्षक यंत्र दाखवून देते. असे प्रत्युदाहरण हाती आले म्हणजे अभियंत्यास चूक शोधणे सोपे जाते. क्लार्क, एमर्सन व सिफाकिस यांना या कार्याबद्दल २००७ सालचे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले.

१९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम संगणक-चकतीत भागाकाराची चूक आढळली आणि कंपनीस ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तेव्हापासून चकती बनविणाऱ्या कारखानदारांनीही या शास्त्राकडे गंभीरपणे पाहण्यास आरंभ केला.

पुण्याहून स्टॅनफर्डला

राजीव आलूर यांचा जन्म पुण्याचा. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून ते १९८७ साली संगणकशास्त्राचे पदवीधर झाले व पुढील अभ्यासासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्यांना डेव्हिड डिल यांचे मार्गदर्शन लाभले. डिल हे स्वतः क्लार्क यांचे शिष्य असून, सामाईक घड्याळाशिवाय चालणाऱ्या विद्युत्-मंडलांच्या पडताळणीवर त्यांनी काम केले होते. अशा मंडलात एक संकेत दुसऱ्याच्या आधी पोहोचतो की नंतर, यावर सर्व काही अवलंबून असते.

त्या वेळच्या प्रतिमान-परीक्षणात एक मोठी उणीव होती. त्यात घटनांचा क्रम सांगता येई, पण त्यांच्यातील अंतर सांगता येत नसे. 'घंटा वाजल्यानंतर केव्हातरी दार बंद होईल' असे म्हणता येई. 'घंटा वाजल्यापासून ५ सेकंदांच्या आत दार बंद होईल' असे म्हणण्याची सोय नव्हती. पण विमान, आगगाडी, रुग्णालयातील उपकरण यांच्या बाबतीत 'केव्हातरी' या शब्दाने भागत नाही. योग्य कृती अयोग्य वेळी घडली, तर ती चूकच ठरते.

काळाचे लहान लहान तुकडे पाडून ते मोजावेत, हा एक उपाय सुचतो. परंतु तुकडा किती लहान घ्यावा? दोन संकेतांमधील अंतर कितीही लहान असू शकते. तुकडा फार लहान घेतला तर अवस्थांची संख्या बेसुमार वाढते. मोठा घेतला तर एखादी चूक दोन तुकड्यांच्या सांध्यात लपून राहते. आलूर व डिल यांनी काळ जसा आहे तसाच, म्हणजे अखंड, ठेवण्याचे ठरविले. त्यांचा पहिला निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला आणि १९९४ साली तो विषय 'कालबद्ध स्वयंचलांचा सिद्धान्त' या विस्तृत निबंधात पूर्णत्वास गेला.

कालबद्ध स्वयंचल: रेल्वे-फाटकाचे उदाहरण

स्वयंचल म्हणजे काही ठरावीक अवस्था असलेले आणि घटना घडताच एका अवस्थेतून दुसरीत जाणारे काल्पनिक यंत्र. आलूर व डिल यांनी अशा यंत्रास घड्याळे जोडली. ही सर्व घड्याळे एकाच गतीने चालतात. परंतु घटना घडताच त्यांपैकी कोणतेही शून्यावर आणता येते, आणि 'घड्याळ २ च्या पुढे गेले असेल तरच जावे' अशी अट प्रत्येक संक्रमणास घालता येते. एवढ्या अल्प सामग्रीने काय साधते, हे त्यांच्या निबंधातील रेल्वे-फाटकाच्या नमुन्यावरून चांगले समजते.

मध्य प्रदेशातील जबलपूर येथे रिछाई हा कारखान्यांचा भाग आहे. मालमोटारी, सायकली व पायी जाणारे कामगार यांची जेथे सतत वर्दळ असते अशा भागातील रस्त्यावर एक रेल्वे-फाटक आहे आणि ते माणसाऐवजी संगणक चालवितो, अशी कल्पना करावी. येथे तीन स्वयंचले आहेत: गाडी, नियंत्रक व फाटक. त्यांचे नियम असे:

गाडी: जवळ येत असल्याची सूचना गाडी देते. त्या सूचनेनंतर २ मिनिटांहून अधिक काळ गेल्यावरच ती फाटकात शिरते, आणि सूचनेपासून ५ मिनिटांच्या आत फाटकाबाहेर पडते.

नियंत्रक: सूचना मिळाल्यापासून बरोबर १ मिनिटाने तो 'फाटक पाडा' अशी आज्ञा देतो. गाडी बाहेर पडल्याचे कळल्यावर १ मिनिटाच्या आत तो 'फाटक उचला' अशी आज्ञा देतो.

फाटक: पाडण्याची आज्ञा मिळाल्यापासून १ मिनिटाच्या आत ते पूर्ण खाली येते. उचलण्याची आज्ञा मिळाल्यावर १ मिनिटानंतर व २ मिनिटांच्या आत ते पूर्ण वर जाते.

या व्यवस्थेकडून दोन गोष्टी अपेक्षित आहेत. पहिली, गाडी फाटकात असताना फाटक बंदच असले पाहिजे. ही सुरक्षिततेची अट होय. दुसरी, फाटक सलग १० मिनिटांहून अधिक काळ बंद राहता कामा नये. ही उपयुक्ततेची अट होय. दुसरी अट अनावश्यक समजू नये. फाटक कायमचे बंद ठेवले तर पहिली अट आपोआप पाळली जाते. पण असे फाटक कोणाच्याही उपयोगाचे नाही.

आता हिशेब करू. सूचना शून्य मिनिटाला आली असे धरू. १ ल्या मिनिटाला पाडण्याची आज्ञा मिळते व २ रे मिनिट पूर्ण होण्यापूर्वी फाटक खाली आलेले असते. गाडी २ मिनिटांनंतरच शिरते. म्हणून गाडी शिरताना फाटक बंद असते. आणि गाडी बाहेर पडल्याशिवाय उचलण्याची आज्ञा सुटत नाही. पहिली अट सिद्ध झाली. गाडी अधिकांत अधिक ५ व्या मिनिटापर्यंत बाहेर पडते, उचलण्याची आज्ञा ६ व्यापर्यंत मिळते आणि फाटक ८ व्यापर्यंत वर जाते. ते लवकरात लवकर १ ल्या मिनिटाला बंद झाले असले, तरी बंद राहण्याचा काळ ७ मिनिटांच्या आतच राहतो. दुसरी अटही सिद्ध झाली.

समजा, फाटकाचे यंत्र जुने झाले आणि खाली येण्यास दीड मिनिटापर्यंत वेळ लागू लागला. आता परीक्षक यंत्र प्रत्युदाहरण देईल: ० मिनिटाला सूचना, १ मिनिटाला आज्ञा, २.१ मिनिटांनी गाडी फाटकात, २.५ मिनिटांनी फाटक बंद. मधल्या ०.४ मिनिटात, म्हणजे २४ सेकंदांत, गाडी फाटकात आणि रस्ता मोकळा. दररोज होणाऱ्या फेऱ्यांत गाडी बहुधा ३ मिनिटांनी येत असेल, तर हा दोष महिनोन् महिने लक्षात येणार नाही. सिद्धतेच्या शोधात मात्र तो तत्काळ सापडतो.

अनंतातून सान्ताकडे

वरील हिशेब हाताने करता आला, कारण उदाहरण लहान होते. तोच संगणकाकडून करून घेताना एक अडचण उभी राहते. घड्याळ अखंड चालते, म्हणून त्याच्या वाचनांची संख्या अनंत असते, ०.३, ०.३१, ०.३१४ ही सर्व वाचने भिन्न आहेत. अवस्था अनंत असतील तर त्या सर्व धुंडाळणार कशा? या अडचणीतून आलूर व डिल यांनी जो मार्ग काढला, तो त्यांच्या संशोधनाचा गाभा होय.

अटींमध्ये केवळ पूर्णांक येतात, हे त्यांनी हेरले. समजा, एकच घड्याळ आहे आणि अटींतील सर्वांत मोठी संख्या २ आहे. मग घड्याळ ०.३ दाखवीत आहे की ०.७, याने कोणत्याही अटीच्या उत्तरात फरक पडत नाही. सर्व वाचने सहा वर्गांत विभागता येतात: बरोबर ०, ० व १ यांच्या दरम्यान, बरोबर १, १ व २ यांच्या दरम्यान, बरोबर २, आणि २ च्या पुढे. अनंत वाचनांची जागा सहा वर्गांनी घेतली.

घड्याळे दोन असली म्हणजे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. पहिले घड्याळ ०.३ व दुसरे ०.७ दाखवीत असेल, तर दुसरे १ वर आधी पोहोचेल. पहिले ०.७ व दुसरे ०.३ असेल, तर पहिले आधी पोहोचेल. म्हणून दोन्ही घड्याळे ० व १ यांच्या दरम्यान असली, तरी कोणाचा अपूर्णांश मोठा आहे हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. मात्र तेवढेच पुरे. अपूर्णांश नेमका किती आहे, हे जाणण्याचे कारण नाही. पहिल्या घड्याळाची मोठ्यात मोठी संख्या २ व दुसऱ्याची १ असेल, तर आलेखाच्या कागदावर हे वर्ग काढून दाखविता येतात. तेथे ६ बिंदू, १४ रेषाखंड किंवा किरण आणि ८ क्षेत्रे मिळतात. एकूण वर्ग २८. एका वर्गातील कोणत्याही दोन वाचनांपासून पुढे घडू शकणाऱ्या घटनांचे क्रम सारखेच असतात. म्हणून अनंत वाचनांऐवजी हे २८ वर्ग धुंडाळले तरी उत्तर बिनचूक येते.

येथे अंदाज वा सरासरी यांचा काहीही संबंध नाही, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. काळ अखंडच राहिला. त्याला तुकडे पाडावे लागले नाहीत. आणि तरीही प्रश्न सान्त झाला.

या मार्गाची किंमत व मर्यादा

कोणतीही शक्ती मोबदल्याशिवाय मिळत नाही. घड्याळांची संख्या वाढू लागली म्हणजे वर्गांची संख्या फार वेगाने वाढते. दहा घड्याळांच्या अपूर्णांशांचे निरनिराळे क्रमच ३६,२८,८०० होतात, आणि त्यांस इतर शक्यतांनी पुन्हा गुणावे लागते. यामुळे प्रत्यक्ष उपयोगासाठी अनेक वर्ग एकत्र बांधून हाताळण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. स्वीडनमधील उप्साला व डेन्मार्कमधील ऑल्बोर्ग या दोन विद्यापीठांनी १९९५ साली 'उप्पाल' नावाचे परीक्षक साधन सिद्ध केले; त्याचे नावही या दोन गावांच्या नावांवरून बनले आहे. कालबद्ध स्वयंचलांचा सिद्धान्त या साधनामुळे अभियंत्यांच्या हाती आला.

दुसरी मर्यादा सैद्धान्तिक आहे. यंत्र एखाद्या धोक्याच्या अवस्थेस पोहोचू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर वरील रीतीने नेहमी मिळते. परंतु दिलेले कालबद्ध स्वयंचल सर्व प्रकारची वर्तने स्वीकारते काय, या प्रश्नाचे उत्तर देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे आलूर व डिल यांनीच त्या निबंधात सिद्ध केले. नव्या मार्गाबरोबर त्याची सीमाही आखून देणे हे चांगल्या शास्त्रीय कार्याचे लक्षण होय.

तिसरी मर्यादा सर्वांत व्यावहारिक आहे. सिद्धता नमुन्याविषयी असते. प्रत्यक्ष वस्तूविषयी नव्हे. वरील फाटकाच्या नमुन्यात एका वेळी एकच गाडी धरलेली आहे. फाटक वर जात असतानाच दुसऱ्या रुळावरून दुसरी गाडी आली तर काय होईल, याविषयी ती सिद्धता काहीही सांगत नाही. गृहीते बदलली म्हणजे सिद्धताही नव्याने द्यावी लागते. परंतु गृहीते स्पष्ट लिहून काढणे भाग पडते, हाच या पद्धतीचा एक मोठा लाभ आहे. कारण पुष्कळ अपघातांचे मूळ न लिहिलेल्या गृहीतांत असते.

हृदयाच्या यंत्रणेची परीक्षा

पीएच. डी. ची पदवी १९९१ साली मिळाल्यानंतर आलूर यांनी बेल प्रयोगशाळेत काम केले, आणि १९९७ साली ते फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे २०१२ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कालबद्ध स्वयंचलांचा एक उपयोग प्रसिद्ध केला, तो रुग्णाच्या प्राणाशी निगडित आहे.

हृदयाचे ठोके मंद पडणाऱ्या रुग्णाच्या छातीत पेसमेकर नावाचे लहान उपकरण बसवितात. ते हृदयाचे ठोके टिपत असते. ठराविक अवधीत ठोका पडला नाही, तर ते स्वतः विद्युत्-स्पंद देऊन ठोका घडवून आणते. म्हणजे हे उपकरण मूलतः घड्याळे व अटी यांचेच बनलेले आहे. १९९० ते २००० या काळात अमेरिकेत अशी ६ लाखांहून अधिक हृदयोपकरणे दोषांमुळे परत बोलवावी लागली आणि त्यांपैकी सुमारे २ लाखांच्या बाबतीत दोष आज्ञावलीचा होता.

दोन कप्प्यांशी जोडलेल्या पेसमेकरमध्ये एक चमत्कारिक संकट संभवते. उपकरण अलिंदातील ठोका टिपते व ठरलेल्या अवधीनंतर निलयास स्पंद देते. क्वचित हा स्पंद हृदयात उलट मार्गाने अलिंदापर्यंत पोहोचतो. उपकरण त्यास नैसर्गिक ठोका समजते व पुन्हा निलयास स्पंद देते. तो पुन्हा उलट जातो. अशा रीतीने एक चक्र सुरू होऊन हृदय अकारण वेगाने धडधडू लागते. येथे हृदय आपल्या नियमाप्रमाणे वागते, उपकरणही आपल्या नियमाप्रमाणे वागते; दोष दोघांच्या संयोगात आहे. म्हणून उपकरणाची एकट्याची परीक्षा पुरेशी होत नाही. आलूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय व पेसमेकर या दोहोंची कालबद्ध स्वयंचले तयार केली, ती एकमेकांस जोडली आणि उप्पाल साधनाच्या साहाय्याने त्यांच्या एकत्रित वर्तनाची परीक्षा केली. ठोक्यांची किमान व कमाल गती पाळली जाते की नाही हे त्यांनी तपासले, आणि वरील चक्राचाही अभ्यास केला. रेल्वे-फाटकावर शिकलेला हिशेब माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचला तो असा.

पुढील संशोधन

आलूर यांचे संशोधन घड्याळांपुरते मर्यादित राहिले नाही. खोलीचे तापमान, वाहनाचा वेग, टाकीतील पाण्याची पातळी या राशी घड्याळाप्रमाणे एकाच गतीने बदलत नाहीत. अशा राशी आणि संगणकाच्या तुटक अवस्था यांचा मेळ घालणारी संकरित स्वयंचले त्यांनी थॉमस हेन्झिंगर प्रभृती संशोधकांबरोबर १९९० नंतरच्या दशकात मांडली. संगणक व भौतिक जग यांच्या संयोगाने बनलेल्या यंत्रणांवर त्यांचे पाठ्यपुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले.

२००४ साली आलूर व पी. मधुसूदन यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. मोठ्या आज्ञावलीत एक उपविभाग दुसऱ्यास बोलावितो, दुसरा तिसऱ्यास. आणि काम संपताच प्रत्येकजण आपणास बोलाविणाऱ्याकडे परततो. बीजगणितातील कंसांत कंस असावेत तशी ही रचना असते. उघडणारा कंस व बंद होणारा कंस यांची जोडी कोणती, हे घटनेच्या नावावरूनच दिसत असेल, तर अशा वर्तनांची परीक्षा साध्या स्वयंचलांइतकीच नियमबद्ध रीतीने करता येते, असे त्यांनी दाखविले.

नंतरच्या काळात त्यांनी प्रश्न उलटा फिरविला. लिहिलेली आज्ञावली अटी पाळते की नाही हे पाहण्याऐवजी, अटी दिल्या असता त्या पाळणारी आज्ञावली संगणकाकडूनच तयार करून घेता येईल काय? 'उत्तर दोन्ही संख्यांहून लहान नसावे व ते त्या दोहोंपैकी एक असावे' अशी अट आणि वापरावयाच्या शब्दांचे व्याकरण एवढे दिले, तर दोन संख्यांतील मोठी निवडणारी आज्ञावली यंत्र स्वतः शोधून काढते. या व्याकरण-नियंत्रित रचनेविषयीचा निबंध आलूर व इतर अनेक संशोधकांनी २०१३ साली मांडला, आणि पुढील वर्षापासून अशा साधनांच्या स्पर्धाही होऊ लागल्या.

कालबद्ध स्वयंचलांच्या कार्याबद्दल आलूर व डिल यांना २०१६ साली अलॉन्झो चर्च पारितोषिक देण्यात आले. ते या पारितोषिकाचे पहिलेच मानकरी होत. २०२४ साली आलूर यांना क्नूथ पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातील कार्य

या शास्त्राचा अभ्यास महाराष्ट्रातही झाला आहे. अणुभट्टीच्या नियंत्रणात वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींत चूक राहून चालत नाही. यासाठी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांतील संशोधकांनी मिळून 'सी' भाषेतील आज्ञावलींसाठी एक पडताळणी-साधन तयार केले व त्याचे वर्णन २००२ साली प्रसिद्ध केले. आज्ञावलीत ठिकठिकाणी विधाने लिहून ती सिद्ध करावयाची, ही फ्लॉइड व होर यांची कल्पनाच त्याच्या मुळाशी आहे. पुणे येथे १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रातही या विषयावर दीर्घकाळ काम झाले. तेथे विकसित झालेल्या 'व्हेरीॲब्स' या साधनाने आज्ञावली-पडताळणीच्या २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका विभागात पहिला क्रमांक मिळविला.

उपसंहार

आकारिक पडताळणी चाचणीची जागा घेत नाही. चाचणी जेथे थांबते तेथून ती पुढे जाते. तिचे बळ तीन गोष्टींत आहे: अटी नेमक्या शब्दांत लिहिणे, गृहीते उघड मांडणे आणि अनंत शक्यतांमध्ये दडलेली सान्त रचना शोधून काढणे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत कठीण असून तीच आलूर यांच्या संशोधनाचे सूत्र आहे. आगगाडीचे फाटक, विमान वा हृदयाचे उपकरण यांवर विसंबणाऱ्या माणसास हे गणित दिसत नाही. पण त्याची सुरक्षितता त्या गणितावर अवलंबून असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. फाटकाच्या उदाहरणात नियंत्रकाने १ मिनिटाऐवजी दीड मिनिटाने पाडण्याची आज्ञा दिली, तर कोणती अट मोडेल? घटनांच्या वेळा लिहून प्रत्युदाहरण द्या.

२. गाडीस सूचनेपासून बाहेर पडण्यास ५ ऐवजी ९ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकेल असे धरले, तर दोन्ही अटी पाळल्या जातील काय?

३. एकच घड्याळ असून अटींतील मोठ्यात मोठी संख्या ३ असेल, तर वाचनांचे किती वर्ग होतील? ते लिहून काढा.

४. आपल्या गावातील एखादे स्वयंचलित उपकरण निवडा. त्याने 'कधीही करू नये' अशी एक व 'ठराविक वेळात केलेच पाहिजे' अशी एक अट लिहा, आणि ती लिहिताना कोणती गृहीते धरावी लागली ते सांगा.